अर्धा डाव मुलांचा: चित्रपुस्तकं आणि कविता मुलांसोबत वाचताना

लहान मुलासाठी पुस्तक आणलं की बहुतेक घरांत एकच प्रकार होतो. मोठं माणूस पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मजकूर वाचून दाखवतं. मूल मध्येच चित्रातलं काहीतरी दाखवायला बघतं, तर "थांब, आधी ऐक" म्हणून त्याला गप्प केलं जातं. शेवटी "मग यातून काय शिकलास?" हा प्रश्न येतो, आणि पुस्तक कपाटावर जातं ते परत उतरत नाही. त्याऐवजी काय करता येईल ते इथे पायरीपायरीनं सांगते. घरातले आईबाबा, आजीआजोबा, अंगणवाडीच्या ताई आणि पहिली-दुसरीचे शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. मुलं साधारण तीन ते आठ वर्षांची धरली आहेत.

माझं म्हणणं एवढंच, की चित्रपुस्तक आणि बालकविता हा दोघांनी मिळून खेळायचा खेळ आहे, आणि त्यातला अर्धा डाव मुलाच्या हातात राहिला पाहिजे. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

कोल्हापूरकरांना खरं तर हे नवीन वाटायला नको. हस्त नक्षत्र लागलं की आपल्याकडे हादगा बसतो. हत्तीचं चित्र मांडायचं, त्याच्याभोवती फेर धरायचा, रोज एक गाणं वाढवत न्यायचं आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. डब्यात काय आहे ते मुली डबा हलवून, वास घेऊन, आरडाओरडा करून ओळखतात. चित्र, लय, वाढत जाणारी गंमत आणि शेवटच्या क्षणापर्यंत झाकून ठेवलेलं उत्तर, हे सगळं त्यात आहे, आणि चांगल्या चित्रपुस्तकाची घडणही तीच असते. घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीत गेलात, तर तिथल्या ठाकर कलाकारांची चित्रकथी आहे. सुटी चित्रं एकामागून एक समोर धरायची आणि गात गात गोष्ट सांगायची. पुढचं चित्र येईपर्यंत प्रेक्षकानं जीव मुठीत धरून बसायचं. पान उलटण्याची जादू आपल्या भागात छापखान्याच्या कितीतरी आधी माहीत होती.

पहिली पायरी: पुस्तक निवडणं

दुकानात किंवा प्रदर्शनात पुस्तक हातात घेतलं, की आधी मजकुरावर तळहात ठेवा आणि नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जा. गोष्ट अंदाजे कळली आणि तरीही दोन-तीन ठिकाणी "हे असं का झालं असेल?" असा प्रश्न पडला, तर चित्रं जिवंत आहेत. मग उलट करा. चित्राकडे न बघता दोन पानं मोठ्यानं वाचा. दुकानात लाज वाटली तर पुटपुटा, पण ओठ हलले पाहिजेत. वाक्य जिभेवर अडखळत असेल, "त्याने आनंदित होऊन उडी मारली" असली कोरडी भाषा असेल, तर ते पुस्तक मोठ्यानं वाचण्यासाठी लिहिलेलंच नाही. भाषांतरित पुस्तकात ही परीक्षा जास्त कडक घ्यावी, कारण चित्रं देखणी असतात आणि मजकूर मात्र घाईत उरकलेला असतो.

तिसरी परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची. शब्द जे सांगतात तेच चित्र दाखवतं, की चित्राला स्वतःचं काही सांगायचं आहे? "मांजर झोपलं" असं लिहून शेजारी झोपलेलं मांजर काढलं असेल, तर मुलाला शोधायला काय उरलं? तेच मांजर एक डोळा किलकिला करून दुधाच्या पातेल्याकडे बघत असेल, तर मूल लगेच सावध होतं. वाचणाऱ्याला जे ठाऊक नाही ते आपल्याला दिसलंय, हा आनंद लहान मुलाला फार मोठा असतो. दिवसभर सगळं मोठ्यांनाच माहीत असतं ना!

शेवटचं पान बघायला विसरू नका. तिथे चौकटीत तात्पर्य असेल, तर मी ते पुस्तक सहसा घेत नाही.

वयाचं फार ताणू नये. दीड-दोन वर्षांच्या मुलाला जाड पुठ्ठ्याची, एका पानावर एकच मोठी वस्तू असलेली पुस्तकं बरी पडतात, कारण ते पुस्तक चावणार आणि फेकणारच. तीननंतर छोटी गोष्ट चालते. पाच-सहाच्या मुलाला शब्दांच्या कोलांट्या, खोटंखोटं व्याकरण आणि अशक्य गोष्टी आवडू लागतात. आणि आठ वर्षांचं मूल "हे लहान मुलांचं आहे" म्हणत म्हणत धाकट्याच्या खांद्यावरून डोकावतंच. त्याला डोकावू द्या.

आता पुस्तकं मिळवायची कुठून? विकत घ्यायच्या आधी वाचनालय. आपल्या गावात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे. ज्या गावात वाचनालय इतकं जुनं आहे आणि जिथे शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तिथे मुलांच्या हाती पुस्तक नसणं बरं दिसत नाही. तिथे किंवा तुमच्या पेठेतल्या वाचनालयात जाऊन मुलांच्या पुस्तकांची चौकशी करा, मुलाला सोबत न्या, आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. त्यानं निवडलेलं पुस्तक तुम्हाला सुमार वाटलं तरी घरी आणा. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली पुस्तकं खिशाला परवडतात. मराठीत मुळातून लिहिलेली आणि चितारलेली पुस्तकं हवी असतील, तर माधुरी पुरंदरे यांच्यापासून सुरुवात करावी. लेखन आणि चित्रं एकाच हातची असली की शब्द आणि चित्र एकमेकांना कशी जागा देतात, हे त्यांच्या पुस्तकांत बघण्यासारखं आहे. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तिथली मराठी पुस्तकं मोफत वाचता येतात, आणि परवाना मुक्त असल्यानं छापून वाटताही येतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंकही इंटरनेटवर मोफत आहेत. कवितांसाठी ती खाणच आहे. मात्र मोबाइलवर दाखवण्यापेक्षा पानं छापून घ्या, दोन टाके मारा आणि हातात द्या. मोबाइलवर सरकवलेल्या पानाला उलटण्याची मजा नसते, आणि वरून मेसेज पडतात ते वेगळंच.

दुसरी पायरी: मुलाच्या आधी आपण

पुस्तक मुलासमोर पहिल्यांदाच उघडू नका. आदल्या रात्री एकट्यानं मोठ्यानं वाचा आणि तीन गोष्टी हेरून ठेवा. कुठलं पान उलटण्याआधी थांबायचं, कुठल्या शब्दाचा आवाज खुलवायचा, आणि कुठल्या चित्रात शब्दांत नसलेलं काहीतरी दडलंय. हे तिसरं हेरलं की मुलाला सांगायचं नाही. ते त्याचं आहे.

चित्रं बघायची सवय आपल्यालाच नसेल, तर ती लावून घ्यावी. आपल्या गावाला कलापूर म्हणतात ते उगीच नाही. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात किंवा राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात एखाद्या रविवारी मुलाला घेऊन जा. सगळं दालन फिरायची सक्ती नको. एकाच चित्रासमोर बसा, आणि आळीपाळीनं "मला दिसतंय..." म्हणत एकेक गोष्ट सांगा. ज्याचं आधी संपेल तो हरला. मूल बहुतेक वेळा जिंकतं, आणि घरी पुस्तक उघडल्यावर तीच नजर कामाला येते.

तिसरी पायरी: बैठक

एकटं मूल असेल तर मांडीवर किंवा शेजारी, पुस्तक दोघांच्या मांडीवर अर्धं अर्धं. पान उलटायचं काम मुलाचं. गट असेल तर मुलांना अर्धवर्तुळात बसवा, पुस्तक छातीसमोर न धरता एका बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि स्वतः तिरपं वाचा. खिडकी मुलांच्या पाठीमागे असू द्या, नाहीतर गुळगुळीत पान चमकतं आणि कडेच्या मुलांना काहीच दिसत नाही. दहा-बारा मुलांपर्यंत साधं पुस्तक पुरतं. त्याहून जास्त असतील तर दोन गट करा. टीव्हीवर मालिका चालू असताना वाचायला बसू नये, आणि गृहपाठानंतरचं काम म्हणून तर अजिबात नको.

चौथी पायरी: पहिलं वाचन आणि पानावरचा मुक्काम

पहिल्यांदा वाचताना प्रश्न विचारू नका. मुखपृष्ठ दाखवा, नाव वाचा, आतल्या रंगीत कोऱ्या पानांवरून हात फिरवू द्या, आणि गोष्ट एका दमात वाचा. एका दमात म्हणजे घाईत नव्हे. मजकूर वाचून झाला की चित्रावर चार-पाच श्वास थांबा. मोठ्या माणसाला ही शांतता अवघड जाते, कारण पुढचं वाक्य दिसत असतं. मूल तेव्हा चित्र वाचत असतं.

आमच्या पेठेतल्या मुलांच्या बैठकीत एक हातानं बनवलेलं छोटं पुस्तक आहे. त्यात उसानं भरलेली बैलगाडी कारखान्याला निघते. पहिल्या जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर, शब्द आहेत, "गाडी भरली, गाडी निघाली." दुसऱ्यावर, "गाडी चालली, चालली, चालली." तिसऱ्यावर, "गाडी पोचली!" एवढंच. चित्रात मात्र गाडीमागून एक वासरू चालतंय आणि एकेक ऊस ओढून खातंय. शब्दांत वासराचं नावही नाही. मी सरळ चेहऱ्यानं "गाडी चालली, चालली" वाचत असते. एकदा एक चार वर्षांचा मुलगा उठून उभाच राहिला.

"मावशी, थांब की! ह्ये बघ, वासरू खायलंय!"

"कुठं? इथं तर लिहिलंय, गाडी चालली."

"अगं लिवलेलं न्हाई, काढलंय! बघ की!"

लिहिलेलं आणि काढलेलं यांतला फरक त्याचा त्यानं सांगितला, आणि त्याच्या मागे सगळी मुलं पुस्तकावर तुटून पडली. कुणी उरलेले ऊस मोजायला लागलं, कुणी गाडीवानाला हाका मारायला लागलं. मी जर आधीच "वासरू दिसलं का रे?" असं विचारलं असतं, तर "दिसलं" एवढंच उत्तर आलं असतं. म्हणून चित्रातलं गुपित हेरायचं, पण फोडायचं नाही. वाचणाऱ्यानं थोडं अजाण व्हायचं, की मूल आपोआप जाणतं होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या वाचनापासून बोलणं सुरू करा. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांसोबत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पालकांना एवढंच शिकवलं होतं, की नुसतं वाचून दाखवू नका, मोकळे प्रश्न विचारा, मूल जे बोलेल त्यात एक-दोन शब्दांची भर घालून परत द्या, आणि हळूहळू सांगण्याचं काम मुलाकडे सोपवा. महिनाभरात त्या मुलांचं बोलणं, नेहमीसारखं वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा पुढे गेलं. आपल्या भाषेत हे असं दिसतं. मूल म्हणालं "म्हैस", तर आपण म्हणायचं "होय की, चिखलात लोळणारी म्हैस." मूल म्हणालं "पडला", तर "धप्पकन पडला, टोपी मात्र डोक्यावरच!" शिकवल्याचा सूर नको, गप्पांचा हवा.

प्रश्न कुठले विचारावेत? "हा कोणता रंग?" आणि "किती पक्षी आहेत?" ही परीक्षा झाली, वर तिचं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं. "ही म्हातारी कुणावर रागावली असेल?", "तू या झाडाखाली असतास तर?", "पानाच्या बाहेर, इकडे या कडेला, काय असेल?" असे प्रश्न खरे, कारण त्यांचं उत्तर आपल्यालाही ठाऊक नसतं. एका बैठकीला असे दोन-तीन पुरेत.

मूल घरची बोली बोलत असेल तर वाचताना ती सुधारू नका. "हितं हाय", "काय करालंय त्ये" हे आपल्या मातीतलं मराठी आहे, आणि गोष्टीबद्दल बोलायला मुलाकडे तीच सगळ्यांत धारदार भाषा आहे. छापील भाषा पुस्तकातून कानावर पडतच असते, त्यामुळे ती वेगळी शिकवावी लागत नाही. ज्या घरात कन्नड किंवा हिंदी बोलतात, तिथे आईला किंवा आजीला तीच चित्रं त्यांच्या भाषेत सांगू द्या. शब्दांविना पुस्तकं अशा घरांसाठी उत्तम, आणि ज्या आजीला लिहिता-वाचता येत नाही तिच्यासाठीही. ती चष्मा लावून पुस्तक घेऊन बसली, की नातवंडांना सांगायला तिच्याकडे आपल्या दुप्पट गोष्टी असतात.

पाचवी पायरी: कविता, आधी तोंडात, मग पानावर

कवितेचं पुस्तक उघडून "आता कविता ऐका" म्हणू नका. मुलं जिथे हालचाल करतात तिथे कविता सोडून द्यायची, म्हणजे जिना उतरताना, केस विंचरताना, केएमटीच्या बसची वाट बघताना. दोन-तीन दिवसांत ती पाठ होते. त्यानंतर ती पानावर दाखवली, की मुलाला आपल्या तोंडातले शब्द छापलेले दिसतात आणि ते बोट ठेवून "वाचायला" लागतं. अक्षरओळख नसताना केलेलं हे खोटं वाचन फार मोलाचं आहे. त्याला हसू नये.

कवितेचा कणा म्हणजे ठेका. ही चार ओळींची कविता मी मुलांसाठी केली आहे. गंगावेशीत म्हशीचं ताजं दूध प्यायला रात्री जमणारी गर्दी मुलांनी पाहिलेली असते, म्हणून ती लगेच धरतात.

गंगावेशी म्हैस आली,
घागरभर ती दूध प्याली.
दूध म्हणालं, "आलो घरी!"
म्हैस म्हणाली, "लई भारी!"

मोठ्यानं म्हणून बघा, प्रत्येक ओळीला चार टाळ्या. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, असं मोजलंत तर प्रत्येक ओळीत आधी आठ आणि मग सात मात्रा येतात. उरलेली एक मात्रा श्वासाची. तो श्वास आहे म्हणूनच ओळ धावत नाही, डोलते. हे गणित मुलांना सांगायचं नसतं, पण आपल्याला ठाऊक असलं की कविता निवडताना कान तयार होतो. ठेका मोडणारी, यमकासाठी कुठलाही शब्द कोंबलेली कविता मुलं दोन दिवसांत टाकून देतात. अर्थ नसला तरी चालतं, ठेका नसलेला चालत नाही. विंदा करंदीकरांसारख्या, पुढे ज्ञानपीठ मिळालेल्या कवीनं मुलांसाठी इतकी उडाणटप्पू, भुताखेतांची, उलट्यासुलट्या जगाची कविता का लिहिली, ते अशा वेळी कळतं. निरर्थक बोलण्यातही लय अचूक लागते, आणि ती साधणं मोठ्या कवितेइतकंच कठीण आहे.

आता खेळ. पहिल्या दिवशी नुसतं म्हणा. दुसऱ्या दिवशी शेवटचा शब्द गाळा. "घागरभर ती दूध..." म्हणून थांबा, मुलं "प्याली!" म्हणून ओरडतात. मग दोन गट करा, एक दूध आणि एक म्हैस. दुधाचा आवाज बारीक, म्हशीचा घशातून. मग कुजबुजत म्हणा, मग मुंगीच्या पावलांनी, मग हत्तीच्या. खासबागेत कुस्ती जिंकलेल्या पैलवानासारखं शड्डू ठोकून "लई भारी" म्हणायला मुलांनी आपणहून सुरुवात केली, मी सांगितलं नव्हतं. कवितेत शरीर आलं की लाजाळू मूलसुद्धा मागे राहत नाही. आधी हात हलतो, मग ओठ, आणि आठवड्याभरात आवाज.

पुढची पायरी म्हणजे ओळ बदलणं. "गंगावेशी म्हैस आली, तशी रंकाळ्यावर कोण आलं?" एवढं विचारायचं. आमच्या मुलांकडून आलं ते हे:

रंकाळ्यावर बदक आलं,
भेळ बघूनी खुळं झालं.

त्यांना मात्रा कुणी शिकवल्या नव्हत्या, तरी आठ-सात अचूक बसल्या, कारण ठेका अंगात भिनला होता. "बघूनी" हा शब्द बोलण्यातला नाही, पण "बघून" म्हटलं तर ओळीला एक मात्रा कमी पडतेय हे मुलांच्या कानालाच कळलं. पुढच्या दोन ओळी तुमच्या मुलांसाठी मोकळ्या सोडते. जोतिबाच्या डोंगरावर कोण गेलं, गुऱ्हाळावर काकवीत कुणाचं शेपूट बुडालं, पापाची तिकटीवर उंटानं किती चपला मागितल्या, असं काहीही चालेल. चांगलं यमक जुळलं की कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा. खाली करणाऱ्याचं नाव आलंच पाहिजे.

कवितेचा अर्थ समजावून सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. "म्हैस स्वतःचंच दूध प्याली, म्हणून दूध घरी आलो म्हणालं" असं फोडून सांगितलं की कविता मेली. एखादं मूल आज नुसतं आवाजाला हसेल, आणि महिन्यानंतर जेवता जेवता अचानक "आयला, दूध तर तिचंच की!" म्हणेल. तो महिना मुलाचा आहे.

सहावी पायरी: स्वतःचं पुस्तक

वाचणारं मूल पुस्तक बनवायला लागलं, की त्याला पान कसं उलटतं, शब्द कुठे कमी करायचे, हे आतून समजतं. आपल्याच गावात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, ते मुलांनी हातांनी करत, आनंदानं शिकावं म्हणून. त्या वाटेवरचं हे एक छोटं काम आहे. साहित्य म्हणजे एक कोरा ए फोर कागद, कात्री आणि पेन्सिल.

कागद आडवा ठेवा. डावी कड उजव्या कडेवर आणून घडी घाला, तशीच त्याच दिशेनं आणखी एकदा, आणि मग खालची कड वरच्या कडेवर. घड्या नखानं पक्क्या करून कागद पूर्ण उलगडा. आठ सारखे चौकोन दिसतील, वर चार, खाली चार. आता पुन्हा डावी कड उजव्या कडेवर आणून एकदाच घडी घाला. घडीच्या बाजूनं, मधल्या आडव्या रेषेवर कात्री चालवा, आणि पुढची उभी रेषा आली की थांबा. उलगडल्यावर कागदाच्या मधोमध एक चीर दिसेल, कडेपर्यंत कुठेच न गेलेली. आता कागद लांबीच्या दिशेनं दुमडा, म्हणजे चीर वरच्या घडीवर येईल. दोन्ही टोकं धरून एकमेकांकडे ढकला. चीर फुगून उघडेल, वरून बघितलं तर अधिकचं चिन्ह दिसेल. ती पानं एकाच बाजूला मिटवा, झालं आठ पानांचं पुस्तक. डिंक लागत नाही, टाचणी लागत नाही. कापायचं काम लहान मुलांच्या गटात मोठ्यानंच करावं.

चित्र काढायच्या आधी मिटलेल्या पुस्तकावर पानांचे आकडे बारीक टाका. उलगडलेल्या कागदावर काही चौकोन उलटे येतात आणि आकडे नसतील तर वासराचे पाय आभाळात जातात. मुखपृष्ठ आणि मागचं पान सोडलं तर आत तीन जोडपानं उरतात. तीनच! म्हणून गोष्टही तीन ठोक्यांची: निघणं, काहीतरी घडणं, पोचणं. मागचं पान गुपितासाठी. वासराच्या पुस्तकात तिथे फक्त पोट फुगून झोपलेलं वासरू आहे.

छापील चित्रपुस्तकं बहुतेक वेळा बत्तीस पानांची का असतात, ते इथेच मुलांना दाखवता येतं. छापखान्यातही मोठा कागद असाच घडी घालून सोळा पानांचा गठ्ठा, म्हणजे फर्मा, होतो, दोन फर्म्यांची बत्तीस पानं. घरातली दोन-तीन चित्रपुस्तकं काढून पानं मोजायला सांगा. मुलांना आपण मोठ्या लेखकांचंच काम करतोय असं वाटतं, आणि ते खरंही आहे.

मूल शब्द सांगेल तसेच उतरवा. "आणि मग ते गेलं आणि मग ते गेलं" असं ते म्हणालं तर तसंच लिहा. मोठ्यानं वाचून दाखवताना एखादं "आणि मग" जास्त झालं तर त्याच्या कानाला ते कळतं आणि ते स्वतःच "ह्ये काढ" म्हणतं.

काही अडचणी

तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागतंय, अशी तक्रार आया करतात. मागू द्या. दहाव्यांदा वाचताना मूल गोष्ट ऐकत नसतं, ते पुढचं येणार ते आधीच ओळखून आपलं बरोबर आलं का ते तपासत असतं. तुम्हाला कंटाळा आला तर मुद्दाम एक शब्द चुकवा. तुमची चूक काढायला मिळाली की त्याला राज्य मिळाल्यासारखं होतं.

मूल उठून पळालं तर वाचत राहा. अर्धी मुलं खेळता खेळता ऐकतात. पण सलग तीन-चार दिवस त्याच पानावर पळत असेल, तर ते पान त्याला भीतीचं वाटतंय का बघा. पंचगंगेच्या पुराचं पाणी घरात आलेल्या मुलांना पुस्तकातलं पाणी गंमतीचं वाटेलच असं नाही. अशा वेळी ते पान दोघांनी मिळून मिटवावं आणि दुसरं पुस्तक घ्यावं.

वर्गात पुस्तकं कुलुपात ठेवू नका. फाटतील म्हणून न दिलेली पुस्तकं वाळवी खाते, यात कुणाचाच फायदा नाही. दोरी बांधून पुस्तकं मुलांच्या उंचीवर, मुखपृष्ठ समोर येईल अशी लटकवा. कणे दाखवत रचलेली पुस्तकं लहान मुलांना ओळखता येत नाहीत. शनिवारी प्रत्येकाला एक पुस्तक पिशवीत घालून घरी द्या, सोमवारी परत. सोबत गृहपाठाची चिठ्ठी नको.

फाटलेलं पान मुलासोबतच दुरुस्त करा. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि पान चिकट करून ठेवते, म्हणून पातळ पतंगी कागदाची पट्टी आणि पाणी घालून सैल केलेला फेव्हिकॉल वापरा, वर कोरा कागद ठेवून जड डब्याखाली रात्रभर दाबा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा दमट, तेव्हा पुस्तकं बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. कपाटात वाळलेला कडुलिंबाचा पाला घालावा, आणि ऊन पडेल त्या दिवशी पुस्तकं पंख्याप्रमाणे उघडून सावलीत, वाऱ्याला ठेवावीत. पानं थेट उन्हात वाकडी होतात. हे काम मुलांवर सोपवलंत, तर तासाचे दोन तास लागतात, कारण प्रत्येक पुस्तक उघडल्यावर आधी वाचून होतं.

मूल स्वतः वाचायला लागलं की त्याला वाचून दाखवणं थांबवू नका. सात-आठ वर्षांचं मूल जेवढं वाचू शकतं, त्याहून बरंच अवघड ते ऐकून समजू शकतं. तेव्हा एक पान त्याचं, एक पान तुमचं, अशी वाटणी करा, आणि कुठलं पान कुणाचं, ते त्यालाच ठरवू द्या.